भांडं रिकामं द्यायचं नाही

"काका, केटरिंगचं काम घेतलंय का?"

लिफ्टमध्ये शिरलेल्या एका मुलीनं मला असं विचारलं, तेव्हा माझ्या हातात पाच किलोचा डबा होता. पाच किलो हे मी उगाच म्हणत नाही. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात माझी सगळी नोकरी गेली. वस्तू हातात आली की वजन कळतं मला, अजून कळतं.

"नाही बाळ, सुनेकडं चाललोय. डी विंगला," म्हटलं.

"काही कार्यक्रम आहे?"

"कार्यक्रम कसला? डबा परत करायचाय."

ती हसली. तिला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टा कुठली! वर्ष होत आलं होतं आम्हाला मोशीच्या त्या सोसायटीत येऊन, आणि त्या वर्षात मी डबे पोचवण्याखेरीज दुसरं काही केलं असेल तर शपथ.

आता त्याला बरीच वर्षं झाली, पण सांगतो. हिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तसा आमचा संग्राम हट्टाला पेटला. "आई, आबा, आता गडहिंग्लज बास झालं. जवळ या." एका घरात नको, भांड्याला भांडं लागतं, म्हणून त्यानं त्याच्याच सोसायटीत आम्हाला ए विंगला फ्लॅट घेऊन दिला. मधे बाग. आमच्या गॅलरीतून त्याच्या स्वयंपाकघराचा दिवा तेवढा दिसायचा. शालन, म्हणजे आमची ही, म्हणाली, "वर्षभर बघू. नाही जमलं तर आपलं घर आहेच." गडहिंग्लजचं घर तसंच कुलूप लावून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी आमचा गॅस जोडायचा होता, म्हणून सुनेनं पोळी-भाजी पाठवली. सून तेजल, जळगावची, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, वागायला एकदम रीतभातीची. निळ्या झाकणाचा डबा होता तिचा. आता भांडं कधी रिकामं परत द्यायचं नाही, हे कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. काहीच नसलं घरात, तर चिमूटभर साखर तरी घालायची. हिनं शेंगदाण्याचे लाडू केले आणि त्या डब्यात भरले.

खरं म्हणजे तिथंच मिटायला हवं होतं. पण लाडू उरले. उरलेले हिनं आपल्या स्टीलच्या डब्यात भरले, "सौ. शालन शा. चौगुले" असं नाव घातलेल्या, आणि दोन्ही डबे माझ्या हातात दिले.

झालं! निळा डबा घरी पोचला, पण स्टीलचा तिकडं अडकला. तो तेजल रिकामा कसा देणार? तिनं त्यात शेवभाजी भरली, ती मावली नाही म्हणून उरलेली पुन्हा निळ्या डब्यात. तेव्हापासून ते दोन डबे जे सुटले, ते काही थांबायला तयार नाहीत. बरं, आलंय त्यापेक्षा कमी पाठवायचं म्हणजे कमीपणा. त्यामुळं दर खेपेला थोडं जास्त. पावसाळ्यापर्यंत मूळ डबे पुरेनात, तसं हिनं नवा मोठा डबा आणून त्यावरही नाव घालून घेतलं. तिकडं तेजलनं निळ्याचा थोरला भाऊ आणला.

खाणार कोण हे सगळं? आम्ही दोघं म्हातारी, ते दोघं सडसडीत. फ्रिज उघडला की काहीतरी अंगावर यायचं. मी गेटवरच्या जाधव वॉचमनला द्यायला लागलो. पहिले दोन महिने तो खूश होता. पुढं पुढं मला लांबून बघितलं की केबिनमधला दिवा घालवून खाली बसायचा.

"जाधव, आहात का?"

"नाही ओ काका," आतून आवाज यायचा.

आणि गंमत बघा, एवढं अन्न इकडून तिकडं चाललेलं, पण आम्ही चौघं एकदाही एकत्र जेवलो नव्हतो. सणाला सुद्धा. डबा आधीच गेलेला असायचा ना! मग जेवायला बोलवायचं कशाला? संग्राम नि मी बागेत भेटायचो, डब्यांची अदलाबदल करायचो. "बरं आहे का?" "बरं आहे." संपलं. पोराचं तोंड जवळ आल्यावर दिसेल म्हणून घर सोडून आलो होतो. गडहिंग्लजला होतो तेव्हा निदान फोनवर तरी बोलायचा हो तो.

दिवाळीनंतर हिचं मनगट गेलं. मांडे करायला गेली! तेजलकडून मांडे आले होते, मग आपणही करून दाखवायचे म्हणून. गडहिंग्लजच्या बाईनं खानदेशातले मांडे! डॉक्टरनं पट्टा बांधला आणि लाटणं बंद केलं.

"आता तरी थांबव," मी म्हटलं.

"थांबवू? आणि डबा तसाच देऊ?" ही म्हणाली. "एक स्वयंपाकाची बाई बघा. आणि खबरदार तेजलला सांगाल तर. सासूचे हात मोडले म्हणेल."

मी वॉचमनला विचारलं, त्यानं रंजनामावशी पाठवली. बाई ठसठशीत, हाताला चव, तोंडाला फटकळ. अकराच्या सुमाराला यायची, दोन तासांत स्वयंपाक उरकून डबा भरून जायची. हिला पसंत पडली.

एकदा मी सकाळीच डबा घेऊन डी विंगला गेलो. बेल वाजवली. दार रंजनामावशीनं उघडलं.

मी तिच्याकडं बघतोय, ती माझ्याकडं बघतेय.

"तुम्ही इथं?" मी म्हटलं.

"मग! तीन वर्षं झाली इथं. ताई सातला पोळ्यांना बोलावतात मला." तिनं डबा घेतला आणि झाकण न उघडताच म्हणाली, "भरली वांगी. काल मीच केलीत."

"मावशी, म्हणजे…"

"म्हणजे काय म्हणजे? तिकडं मी करते, तुम्ही इकडं आणता. इकडं मी त्याला उत्तर करते, दादा तिकडं नेतात. मीच माझ्याशी भांडतेय गेले दोन महिने!" आणि मग तिचा खरा राग बाहेर आला. "काका, परवा तेजलताईंनी मला असल्याच वांग्याचा घास दिला आणि म्हणाल्या, 'मावशी, चव बघा, आईंच्या हाताची सर तुमच्या हाताला नाही.' माझीच भाजी मला! आणि तुमच्या घरी काकू म्हणतात, 'सुनेचं भरीत खा जरा, शिका काहीतरी.' कुठं जाऊन डोकं आपटू मी?"

मी हात जोडले. "मावशी, कुणाला बोलू नका. दोघींचीही अब्रू जाईल."

"मला काय करायचंय," म्हणाली. "पण मी दमलेय, सांगून ठेवते."

आणि गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात ती पुतणीच्या लग्नाला निघून गेली. दोन्ही घरांत एकाच तोंडानं सांगून गेली, आणि दोन्ही घरांत कुणाला पत्ता नव्हता की दुसरीकडंही तेच सांगितलंय.

त्याच आठवड्यात शालननं मला सांगितलं, "टेंपोवाल्याला कळवलंय. पाडवा झाला की बुधवारी येतोय. आपण परत जायचं."

मी चहाचा कप खाली ठेवला. "का? झालं काय?"

"काही झालं नाही. माझं इथं काही काम नाही."

"अगं, पण पोरगा…"

"पोरगा सुखात आहे. बघितलं वर्षभर. आता चला." एवढं बोलून ती गॅलरीत गेली आणि समोरच्या स्वयंपाकघराकडं बघत बसली. तिचा निश्चय झाला की कारखान्याच्या चेअरमनचंही ऐकायची नाही ती, माझं काय घेऊन बसलात? पण परत जायचं म्हणजे पोराला एकदाही नीट न भेटता परत जायचं. आणि ह्या वयात एकदा गेलो की परत कोण बोलावतंय, आणि कोण येतंय?

रविवार उजाडला. आमच्या ओट्यावर निळा डबा, रिकामा. मावशी लग्नाला. हिच्या हाताला पट्टा.

"जाण्याआधी देणं ठेवायचं नाही," ही म्हणाली. "चौकातल्या पोळी-भाजी केंद्रातून भरून आणा. घरचंच वाटेल असं बघा."

"चिमूटभर साखर घालून देऊ की!"

"तिनं मागच्या वेळी बासुंदी पाठवलीय. बासुंदीवर साखर पाठवू?"

गेलो. केंद्रासमोर ही रांग. डबा बगलेत धरून उभा राहिलो, तर माझ्या पुढचा माणूस वळला. त्याच्या बगलेत स्टीलचा डबा. "सौ. शालन शा. चौगुले."

"आबा?"

"संग्राम, तू?"

दोघंही एकमेकांच्या डब्याकडं बघत राहिलो. मागचा एक जण म्हणाला, "पुढं सरका ओ." सरकलो.

"तेजलनं सांगितलंय, घरचंच वाटेल असं बघ," संग्राम हळूच म्हणाला.

मला हसू आवरेना. त्यालाही. रांगेत बापलेक वेड्यासारखे हसत उभे. आमचा नंबर आला तसे दोघांनीही डबे भरून घेतले, बटाट्याची भाजी आणि पोळ्या, वर शिरा. एकाच पातेल्यातलं दोन्ही डब्यांत. बाहेर येऊन शेजारच्या बंद गॅरेजच्या पायरीवर जरा टेकलो.

"वास चांगला येतोय," संग्राम म्हणाला.

"बघू तरी काय दिलंय," मी म्हटलं आणि झाकण काढलं.

आता खरं सांगतो, तिथं खायचं असं काही ठरलेलं नव्हतं. पण गरम पोळी होती, आणि दोघांच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं. वर्षभर मी नुसतं शिळं खात होतो, आदल्या दिवशीचं संपवायचं म्हणून. त्यानं पोळीचा तुकडा मोडला, भाजी त्यात धरली आणि पहिला घास माझ्यापुढं केला. लहानपणी काट्यावर माझा डबा घेऊन यायचा तेव्हा असाच करायचा. मी खाल्ला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं मिरची लागली.

"आबा, खरंच जाताय तुम्ही?"

"तुझी आई जातेय. तिच्यामागं मी."

"तेजल रडत होती काल." तो भाजीकडं बघत बोलत होता. "तिला वाटतं, आईला तिचं काहीच पटत नाही. रोज डबा येतो ना. ती म्हणते, 'तुझ्या आईला वाटतं मी तुला उपाशी ठेवते. वर्षभर रोज मला तेच सांगतायत त्या.'"

मी घास हातात धरून त्याच्याकडं बघत राहिलो. "अरे, तुझी आई तर वेगळंच बडबडते झोपेत सुद्धा. म्हणते, सुनेला आपलं काही ठेवून घ्यायचं नाही. आपण दिलं की लगेच फेडून टाकते, परक्याचं फेडावं तसं. आपलं कुणी चार घास ठेवून घेत नाही, तिथं राहून काय करायचं?"

संग्रामनं डोक्याला हात लावला. "आणि आपण दोघं?"

"आपण हमाल," मी म्हटलं.

बोलता बोलता कधी संपलं कळलंच नाही. आधी एक डबा, मग दुसरा. शिरासुद्धा. केंद्रात जाऊन परत मागितलं तर तिथला माणूस म्हणाला, "संपलं सगळं. आता संध्याकाळी."

बापलेक परत पायरीवर. दोन डबे, दोन्ही चकाचक.

"शेजारून साखर घेऊ का चिमूटभर?" संग्रामनं घाबरून विचारलं. ऑफिसात चाळीस माणसं हाताखाली ह्याच्या!

मी निळा डबा उचलला. पहिल्यांदाच हाताला हलका लागला तो. वर्षभर मी गप्प बसलो ते घरात शांतता राहावी म्हणून, आणि त्या शांततेनंच आमचं सामान टेंपोत चढवायची वेळ आणली होती.

"नको," म्हटलं. "असेच जाऊ देत. तू आईचा आईला दे, मी तेजलचा तेजलला देतो."

"आबा! ठार मारतील!"

"मारू देत. बुधवारी मी तसाही मेल्यातच जमा आहे."

डी विंगला तेजलनं दार उघडलं. हसून डबा घेतला, आणि हातात घेताक्षणी तिचं हसू गेलं. झाकण उघडलं. आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"आबा, काही विसरलं का?"

"नाही गं. तुझा डबा. घे."

"आईंनी… असाच दिला?"

 तिचे डोळे भरले, मग नाक लाल झालं, मग कपाळावर आठी आली. पायात चपला सरकवल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं निघाली. मी मागं मागं.

बागेत पोचतोय तोवर समोरून शालन येताना दिसली. पट्टा बांधलेला हात छातीशी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा, पदर खोचलेला. तिच्या मागं संग्राम, माझ्यासारखाच. घसरगुंडीपाशी गाठ पडली दोघींची.

"काय गं," शालन गरजली, "सासरचं भांडं रिकामं पाठवलंस?"

"तुम्ही पाठवलंत आई! हा बघा!" तेजलनं निळा डबा तिच्या नाकासमोर उलटा धरला.

"मी? माझ्या जन्मात मी कुणाला रिकामं भांडं दिलं नाही!"

"मग हे काय आहे? आणि बरंच झालं दिलंत ते! वर्षभर रोज डबा, रोज डबा! मला कळत नाही का? माझ्या घरात तुमच्या मुलाला खायला मिळत नाही असंच वाटतं ना तुम्हाला?"

"खायला मिळत नाही? अगं, तू मला एक वाटी तरी देऊ दिलीस का?" शालनचा आवाज फुटला. "पाठवलं की परत! पाठवलं की परत! एक दिवस तरी म्हणालीस, आई, राहू दे हे माझ्याकडं? माझ्या आईकडनं डबा यायचा तर मी महिनाभर परत करायची नाही. आपल्या माणसाचं फेडतात होय गं?"

गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली होती. जाधव वॉचमन केबिनमधून मान काढून बघत होता.

"माझ्या आईनं बजावलंय मला," तेजल आता सरळ रडत होती. "सासरचं भांडं रिकामं गेलं तर पहिला उद्धार माझा होईल म्हणाली. मला काय हौस होती का? मला कुठं एवढं येतं आई? मला साधा चहा नि खिचडी येते!"

"मग ते भरीत? मांडे?"

"मांडे हॉटेलातले. भरीत मावशी करतात."

"कोण मावशी?"

"रंजनामावशी."

 शालननं आधी माझ्याकडं बघितलं. मी घसरगुंडीकडं बघितलं.

"ठसठशीत? मोठं कुंकू लावते?" तिनं विचारलं.

"हो. तुम्हाला कशी माहीत?"

"पुतणीचं लग्न आहे तिच्या?"

आता तेजलचं तोंड उघडंच राहिलं. "आई… म्हणजे भरली वांगी…"

"तिचीच. दिवाळीपासून सगळं तिचंच. माझ्या मनगटानं काही होत नाही."

"अहो, मी तिलाच म्हटलं, आईंच्या हाताची सर तुमच्या हाताला नाही!"

"आणि मी म्हटलं, सुनेकडून शीक!" शालन मटकन झोपाळ्यावर बसली. "म्हणून मेली लग्नाचं निमित्त करून पळाली की गं!"

आधी तेजलला हसू फुटलं, रडता रडताच. मग हिला. पदर तोंडाला लावून, पोटावरच्या जुन्या टाक्यांवर हात दाबून हसत होती. "नको, नको हसवू, ऑपरेशन झालंय माझं," म्हणायची आणि परत हसायची. तेजल तिच्या पायाशी वाळूतच बसली. 

"वर्षभरात एकदा तरी हाक मारलीत का मला, ये गं म्हणून?" तेजलनं डोळे पुसत विचारलं. "आणि आता निघालात गावाला."

"आपल्याच घरी यायला हाक लागते होय?" शालन म्हणाली. मग जरा थांबून, "लागते. चुकलंच माझं. जेवलीस का?"

"नाही."

"मीही नाही. ह्या दोघांचं काही विचारू नको, ह्यांच्या मिशीला शिरा लागलाय."

आमच्या घरी आलो. खिचडी तेजलनं केली, शालन एका हातानं तिला मीठ दाखवत राहिली. पाणी जास्त झालं, खाली थोडी लागलीही. आम्ही चौघं जमिनीवर बसलो, आणि संग्राम नि मी पोट भरलेलं असून परत जेवलो. वाढता वाढता शालन मला म्हणाली, "त्या टेंपोवाल्याला कळवा, येऊ नको म्हणावं." मी लगेच उठायला लागलो, तर म्हणाली, "आधी ताट संपवा."

चार वाजता ती दोघं निघाली. तेजल चपला घालत होती. एवढ्यात शालन सवयीनं आत गेली आणि उरलेली खिचडी स्टीलच्या डब्यात भरून बाहेर आली. संग्रामनं डोळे मिटून घेतले. मी भिंतीला टेकलो. तेजल डब्याकडं बघतेय, शालन डब्याकडं बघतेय, कुणी हात पुढं करेना.

शालननं डबा उचलून परत आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन तेजलच्या पाठीवर हात ठेवला आणि दटावून म्हणाली, "उद्या ऑफिसातून सुटलीस की इकडंच ये जेवायला. आणि काही घेऊन आलीस तर बघ. रिकाम्या हातानं यायचं."

"बरं," तेजल म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खरंच तशी आली.